छप्पन्न तिरके कट

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या एका गावात राहणारे शिक्षक. दगड-मातीचं जुनं घर नीटनेटकं करायला घेतलंय. १९९३ च्या भूकंपानंतर वडिलांनी माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत) उतरवून वर पत्रे टाकले, आणि माळवदाची लाकडं तेव्हापासून गोठ्याच्या आडोशाला रचून ठेवली आहेत. त्यातूनच तीन दारांच्या आणि चार खिडक्यांच्या कडेच्या पट्ट्या, ओसरीला पट्ट्यांची जाळी, एक दिवाण आणि जमलं तर स्वयंपाकघरातली प्लायवूडची कपाटं सुट्टीत स्वतःच्या हातानं करायची इच्छा आहे. व्हिडिओ पाहून मायटर सॉ (लाकूड हव्या त्या कोनात तोडायचं, गोल पात्याचं विजेवरचं मशीन) घ्यायचं ठरवलंय. दुकानदार म्हणतो, "१२ इंची स्लाइडिंगच घ्या, ४४ हजार, एकदाच काय ते होऊन जाईल." १० इंची साधं १७ हजारांना मिळतंय. पत्नीचं म्हणणं, एवढ्यात सुताराची मजुरी निघते. शिवाय आजोबांपासून घरचं लाकूडकाम ज्यांच्याकडे आहे ते सुतारकाका गावातच आहेत. दारात मशीन दिसलं तर ते दुखावतील ही धाकधूक आहेच. कोणतं घ्यावं?

सर,

"१० इंची साधं घ्या" असं म्हणून मोकळं होता आलं असतं, आणि फिरून फिरून मी तिथंच येणार आहे. पण तुमच्या मूळ पत्राची दोन पानं मशीनबद्दल आहेत आणि कापायचं काय ते चार ओळींत उरकलंय. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवत होतो तेव्हा करवतीला हात लावण्याआधी मी पोरांना एक कागद भरायला लावायचो: कोणता तुकडा, किती लांब, किती रुंद, किती जाड, कोणत्या कोनात, किती नग. पोरं त्याला "सरांची किराणा यादी" म्हणायची. ती यादी मी तुमच्यासाठी करून पाहिली.

दाराच्या एका बाजूला दोन उभ्या पट्ट्या आणि एक आडवी. वरच्या दोन कोपऱ्यांत मिळून ४५ अंशांचे चार कट, खाली दोन सरळ. आतून-बाहेरून धरलं तर एका दाराला आठ तिरके, चार सरळ. तीन दारांचे २४ तिरके. खिडकीला फक्त आतून पट्टी लावायची म्हटलं तरी चार तुकड्यांचे आठ कट, चार खिडक्यांचे ३२. झाले ५६ तिरके कट. पट्टी तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड. यादी इथंच संपत असेल तर वहिनींचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. एवढं काम हातकरवत आणि साध्या मायटर बॉक्सवरही निघतं. मायटर बॉक्स म्हणजे ४५ आणि ९० च्या खाचा पाडलेली पन्हळ. पट्टी तिच्यात धरायची आणि खाचेतून करवत चालवायची.

ओसरीच्या जाळीमुळे मात्र हिशेब फिरतो. एकाच मापाच्या ऐंशी-नव्वद पट्ट्या हातानं तोडायच्या तर दहावी पट्टी होईतो मनगट बोलायला लागतं, आणि पन्नासावी पहिलीपेक्षा एक सूत (इंचाचा आठवा भाग) तरी आखूड भरते. मायटर सॉवर मापाच्या अंतरावर एक ठोकळा शिकंजानं (क्लॅम्पनं) आवळून ठेवला की पट्टी त्याला भिडवायची आणि मशीन खाली आणायचं. नव्वदच्या नव्वद एका मापाच्या. म्हणून मशीन घ्या असं मी म्हणतोय, आणि त्याचं कारण जाळी आहे, दारांच्या चौकटी नव्हेत.

आता जे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही ते सांगतो, आणि हे अशा प्रत्येकाला लागू आहे ज्यानं व्हिडिओ पाहून हे मशीन मनात भरवलंय. मायटर सॉ हे लाकूड तोडायचं मशीन आहे, चिरायचं नव्हे. म्हणजे लांब पट्टीचा आखूड तुकडा ते करतं, पण तुळईतून पट्टी काढून देत नाही. व्हिडिओतल्या माणसाला दुकानातून रंधा मारलेली, मापातली तयार पट्टी मिळते. तिकडं परदेशात घराच्या भिंतीसुद्धा लाकडी सांगाड्याच्या असतात, खाली लाकडी स्कर्टिंग, वर छताला लाकडी नक्षीपट्टी. त्या कामाला हे मशीन म्हणजे उजवा हात. आपल्याकडं भिंत दगडाची नाहीतर विटेची, स्कर्टिंग फरशीचं. तुमच्यापाशी आहे ती माळवदाची तुळई: सहा-सात इंच जाड, वर मातीचे पापुद्रे, मधे कुठंतरी आजोबांच्या वेळचा खिळा. १० इंची पातं जाडीत साडेतीन इंचांच्या आसपास थांबतं. १२ इंची घेतलं तरी तुळई काही एका दमात तुटत नाही. त्या तुळया सॉ मिलवर न्या, तिथं चिरून घ्या, रंधा मशीनमधून चारी बाजूंनी काढून घ्या आणि पट्ट्यांचा गठ्ठा करून घरी आणा. तुमचं मशीन त्यानंतर.

तेच प्लायवूडचं. ८ बाय ४ फुटांचं अख्खं प्लाय कुठल्याच मायटर सॉवर कापता येत नाही, मग ते मशीन ४४ हजारांचं का असेना. कपाटाचे तुकडे लातूरला प्लायवूडच्या दुकानातच पॅनेल सॉवर (अख्खं प्लाय चिरायच्या मोठ्या मशीनवर) कापून मिळतात का विचारा. नाही मिळाले तर सात इंची हँड सर्क्युलर सॉ (हातात धरून चालवायची गोल पात्याची करवत), खाली थर्माकोल आणि बाजूला शिकंजानं धरलेली अॅल्युमिनियमची सरळ पट्टी. यातलं काहीही न करता चार इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून काम भागवणारे गावोगाव दिसतात. कटर मिनिटाला तेरा हजारांच्या आसपास फेरे मारतो, लाकूड अडकलं की हातातून उसळतो. कुणी तो उलटा करून टेबलाखाली बसवलेला असतो. तसल्या टेबलाशी मुलांना उभंही राहू देऊ नका.

मग स्लाइडिंग का नको? स्लाइडिंगमध्ये मशीनचं डोकं दांड्यांवर पुढं-मागं सरकतं, म्हणून बारा इंचांपर्यंत रुंद फळी एका दमात तुटते. साध्या १० इंचीवर सरळ कट सुमारे पाच इंच रुंद मिळतो, ४५ ला साडेतीन. तुमची पट्टी तीन इंच. दिवाणाचे पाय तीन बाय तीनचे असतील तर तेही बसतात. दिवाणाची बाजूची फळी सहा इंची निघाली तर अर्धी कापायची, उलटायची, उरलेली कापायची. गुण्यानं (काटकोन तपासायच्या पट्टीनं) चारी बाजूंनी नीट रेघ ओढलेली असली तर जोड दिसतही नाही. अशा चार फळ्यांसाठी २७ हजार रुपये जास्तीचे मोजायचे का, ते तुम्हीच ठरवा. शिवाय स्लाइडिंगच्या दांड्या मागं येतात म्हणून भिंतीपासून हातभर जागा सोडावी लागते, वजन साध्याच्या दुपटीच्या घरात जातं, आणि सरकणाऱ्या भागाला जरा ढिलाई आली की कोन पळतो. १२ इंचाचं पातं महागही असतं आणि हवं तेव्हा हाती लागेलच असं नाही. रोज बारा इंची फळ्या तोडणाऱ्या कारखानदारानं स्लाइडिंगच घ्यावं. सुट्टीत काम करणाऱ्या शिक्षकाला ते दुकानदारानं का गळ्यात घालावं हे कळतं, पण पटत नाही.

एक खबरदारी घ्या. वेल्डिंगवाल्याकडं असतं ते १४ इंची चॉप सॉ, लोखंड कापायचं, दगडी चाकतीचं. दिसायला चुलतभाऊच. दुकानात "कटिंग मशीन दाखवा" म्हणालात तर ते पुढं येईल, स्वस्तही असेल. लाकडाला ते चालत नाही, आणि त्याची चाकती मायटर सॉला लावायची नाही.

दुकानात जाताना तीन इंच रुंद, हातभर लांब, रंधा मारलेली सरळ पट्टी आणि एक चांगला गुण्या बरोबर न्या. मशीन शून्यावर लावून पट्टी तोडायला सांगा. मग दोन्ही तुकडे टेबलावर एका सरळ कडेला लावून कट समोरासमोर भिडवा, आणि त्यातला एक तुकडा पालथा करून पुन्हा भिडवा. पहिल्यांदा सांधा बरोबर बसला आणि पालथा केल्यावर मधे फट दिसली, तर कोन चुकलाय. फट चुकीच्या दुप्पट दिसते, म्हणून डोळ्याला लगेच सापडते. ४५ चीही परीक्षा घ्या. अर्ध्या अंशाची चूक ऐकायला कसलीच वाटत नाही, पण खिडकीच्या चौकटीला आठ कट असतात. आठ वेळा अर्धा म्हणजे चार अंश. तीन कोपरे घट्ट बसवले की चौथ्यात तीन इंची पट्टीला दोन सुतांहून मोठी फट उरते. आपण लांबी चुकली समजून पट्टी घासत बसतो, आणि चूक असते कोनाची. बहुतेक मशीनचा फेन्स, म्हणजे मागची उभी आधारपट्टी, स्क्रू सैल करून गुण्याला जुळवता येते. ते कसं करायचं ते दुकानदाराला तिथंच करून दाखवायला लावा. त्याला जमलं नाही तर दुकान बदला. मशीनचं डोकं हातानं डावं-उजवं हलवून ढिलं नाही ना तेही पाहा. वापरलेलं मशीन घेणार असाल तर हे आधी पाहा. मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश कुठं मिळतील, बिघडलं तर कुठं न्यायचं, हे बिल फाडण्याआधी विचारा. लेझरच्या लाल रेघेसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. आपल्या अंगणातल्या उन्हात ती रेघ दिसत नाही.

पात्याला मात्र पैसे सोडा. मशीनबरोबर येतं ते बहुधा ४० दात्यांचं किंवा त्याहूनही कमी दात्यांचं. तोडायला ठीक, पण कड तुसाळ निघते. पट्ट्यांसाठी ६० दात्यांचं कार्बाइडचं पातं वेगळं घ्या. सनमायका चिकटवलेलं काही कापायचं असेल तर ८०. मधलं भोक २५.४ मिलिमीटर की ३०, हे मशीनशी ताडून घ्या, आणि पात्यावर लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा. पात्याची जाडीच पाऊण ते एक सूत असते. रेघेवर कापलंत तर तेवढं लाकूड भुशात जातं. रेघेच्या बाहेरून, टाकून द्यायच्या बाजूनं कापा.

आणि पात्याचा खरा वैरी तुमच्या गोठ्याशेजारी आहे. तीस वर्षांपूर्वी उतरवलेल्या तुळईत खिळे असतात, डोकी गंजून लाकडाच्या रंगाची झालेली. कार्बाइडचे दाते कडक तितकेच ठिसूळ. एक खिळा लागला की चार-पाच दाते गेले, आणि उडालेला तुकडा कुठं जाईल याचा नेम नाही. जुन्या स्पीकरमधलं गोल चुंबक काढा, दोरीला बांधा आणि तुळईवरून वितीवितीनं फिरवा. ओढलं गेलं तिथं खडूची खूण. माती तारेच्या ब्रशनं झाडून काढा, तिच्यातली वाळू पात्याची धार खाते. लाकूड वाजवूनही बघा. पोकळ आवाज आला, पिठासारखा भुसा पडला, तर आत वाळवी किंवा भुंगा आहे, ते जाळायला ठेवा. सगळ्या तुळया सागाच्या असतीलच असं धरून चालू नका. साध्या घरांच्या माळवदात बाभूळ, कडुलिंब सगळं निघतं. बाभूळ दिवाणाच्या पायांना उत्तम, तीन इंची पट्टीला वाईट, पीळ घेते. आणि एखादी नक्षीची तुळई शोभेसाठी पुन्हा डोक्यावर चढवायचं मनात आलंच, तर आवरा. किल्लारीच्या त्या पहाटे माणसं गाडली गेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि त्यांच्यावरच्या जड माळवदांखाली. वडिलांनी ते उतरवलं ते बरंच केलं.

विजेचं लवकर सांगतो. १६५० वॉटचं मशीन २३० व्होल्टला सात अँपिअरहून जास्त ओढतं, सुरू होताना क्षणभर त्याहून कितीतरी अधिक. दिव्याच्या बोर्डावरचं सहा अँपिअरचं सॉकेट त्यासाठी नाही. गिझरला देतात तसा १६ अँपिअरचा पॉइंट अर्थिंगसह काढून घ्या, त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. एक्स्टेन्शनची वायर तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएमची, आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरायची. घरच्या इन्व्हर्टरवर हे चालवायचं नाही. व्होल्टेज पडलेलं असेल तेव्हा कामच थांबवा. पातं मंद फिरतं, माणूस जोर लावतो, आतला पंखाही मंदावलेला असतो, आणि मोटर जळते.

माझ्या उजव्या भुवईवर अर्ध्या इंचाची खूण आहे. दोन इंचांचा सागाचा तुकडा तोडला आणि पातं फिरत असतानाच हात वर घेतला. सुटलेला तुकडा पातं आणि फेन्स यांच्या बेचक्यात सापडला आणि गोफणीतल्या दगडासारखा आला. वीस वर्षं पोरांना हेच शिकवणारा माणूस मी. घाई कशाची होती? चहा आला होता. तेव्हा, पातं पूर्ण वेगात आल्यावर खाली आणायचं, सावकाश. कट पुरा झाला की खालीच धरून बटण सोडायचं, पातं थांबल्यावरच वर घ्यायचं. हात पात्यापासून वीतभर लांब. वीतभराहून लहान तुकडा हातानं धरून कापायचा नाही, लांब पट्टीतूनच तोडायचा. वाकडी पट्टी असेल तर तिचा फुगीर भाग फेन्सला भिडवायचा, नाहीतर कापताना चिमटून पात्याला धरते. लांब पट्टीच्या दुसऱ्या टोकाला मशीनच्या उंचीचा टेकू हवा. गळ्यात रुमाल-उपरणं नको, ओढणी-पदर नको, हातमोजे तर अजिबात नकोत, पात्यानं मोजा ओढला की बोटही जातं. डोळ्याला चष्मा, कानात बोळे, तोंडाला मास्क. जुन्या मातकट लाकडाचा भुसा छातीत बसतो.

आता एक गोष्ट, जी दुकानदार सांगणार नाही. ४५ चा सांधा आपल्या हवेत राहत नाही. लाकूड रुंदीत आकसतं-फुगतं, लांबीत जवळपास नाही. पावसाळ्यात घट्ट बसवलेली चौकट एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आतल्या कोपऱ्याकडून उघडते. उन्हाळ्यात बसवलेली पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला उघडते. पट्टी जितकी रुंद तितकी फट मोठी. वाड्यांची जुनी दारं आठवा. गणेशपट्टी उभ्या चौकटीवर सरळ आडवी बसलेली असते. तिथं ४५ चा कट नसतो आणि शंभर वर्षांनीही सांधा तोंड उघडत नाही. तुमच्या तीन इंची पट्टीला मी तेच सुचवेन: उभ्या पट्ट्या सरळ तोडा, वरची आडवी दोन्हीकडं बोटभर बाहेर काढून त्यांच्यावर ठेवा. दिसायला आपल्याकडचं दिसतं. शिवाय तुमच्या भिंतीचे कोपरे ९० चे नसणारच. कुठं ८७, कुठं ९३. तिरका कट तिथं प्रत्येक वेळी कोन मोजून, निम्मा करून घ्यावा लागेल. एवढं ऐकून ५६ पैकी दारांचे २४ तरी यादीतून गेले. खिडक्यांना ४५ हवाच असेल तर पट्टी दोन इंचांवर आणा आणि चिकटवण्याआधी पट्ट्या महिनाभर त्याच खोलीत आडव्या ठेवा.

राहिले सुतारकाका. मशीन बघून ते दुखावतील हे तुम्ही धरून चालला आहात, त्यांना विचारलेलं मात्र दिसत नाही. मी ज्या सुतारांना ओळखतो ते पातं कुठल्या कंपनीचं हे आधी विचारतील, मग कोन तपासतील, आणि मग चार पट्ट्या स्वतःच्या कामाच्या घेऊन येतील. माणूस दुखावतो तो आपल्याला न विचारता सगळं ठरलं की. त्यातून या तुळयांपैकी काही त्यांच्या वडिलांनी-आजोबांनी घडवलेल्या असायची शक्यता आहे. साग कोणता, बाभूळ कोणती, कोणती तुळई आतून गेलेली आहे, हे ते नुसतं वाजवून सांगतील. तुम्हाला त्यासाठी महिना लागेल. मशीन घ्यायच्या आधी, कागद भरायच्याही आधी, एका रविवारी त्यांना गोठ्याशी घेऊन जा. तोडकाम तुमचं, जोडकाम आणि दिवाणाच्या खोबणी त्यांच्या, आणि हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, रोजच्या रोज, पूर्ण. शिकवतात म्हणून हजेरीत घासाघीस करायची नाही. वहिनींचा हिशेबही यातून बराचसा सुटतो, कारण ४४ आणि १७ मधला फरक काकांच्या बऱ्याच दिवसांच्या मजुरीएवढा आहे.

लातूरला मशीन आणायला जाल तेव्हा त्यांना गाडीवर मागं बसवून न्या. पट्टी तुम्ही धरा, गुण्या त्यांच्या हातात द्या.